बी कुठल्या रानाचे?
(सागाच्या रोपांतील आनुवंशिक भिन्नता : एक अभ्यास)

— द्वितीय वर्ष कला (भूगोल)

मराठीत दोन म्हणी आहेत. एक सांगते, 'खाण तशी माती'. दुसरी सांगते, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला'. पहिलीचा कौल कुळाच्या बाजूने आहे, तर दुसरीचा संगतीच्या बाजूने. आपण प्रसंग पाहून कधी हिचा, कधी तिचा आधार घेतो आणि वाद मिटला असे समजतो. वास्तविक वाद तसाच राहिलेला असतो. सजीवाच्या अंगी जे गुण दिसतात त्यांतील वाणाचे किती आणि परिस्थितीचे किती, हा प्रश्न म्हणीने सुटण्यासारखा नाही. तो मोजमापानेच सोडवावा लागतो. वनवृक्षांच्या बाबतीत अभ्यासकांनी हे मोजमाप कसे केले आणि त्यातून काय हाती आले, हे आपल्या ओळखीच्या साग ह्या वृक्षाच्या आधाराने सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय विज्ञान शाखेचा आहे, कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, वृक्ष कोठे वाढतो हा भूगोलाचा प्रश्न आहे आणि त्या 'कोठे'चा ठसा त्याच्या बियांवर उमटतो की नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे. दुसरे कारण घरचे आहे. आमचे गाव चंद्रपूरच्या जंगलपट्टीत आहे. माझी आई उन्हाळ्यात रोपवाटिकेत रोजंदारीने जाते. वाफे भरणे, सागाच्या बियांना शेणकाल्यात भिजवणे व वाळवणे, पुढच्या वर्षी जड्या काढणे ही कामे मी लहानपणापासून पाहत आले आहे. पुस्तकात 'रोपांची लक्षणे' हा शब्द वाचला तेव्हा माझ्यापुरता तो नवा नव्हता.

सागाची ओळख

सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रॅन्डिस असे आहे. संस्कृतात त्याला शाक म्हणतात. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ त्याची गणना निर्गुडीच्या कुळात करीत. आता तो तुळशीच्या कुळात घातला जातो. निसर्गतः साग जगात चारच देशांत आढळतो : भारत, म्यानमार, थायलंड व लाओस. जावा बेटावरील साग फार जुना असला तरी तो काही शतकांपूर्वी माणसाने तेथे नेला असावा असे मानतात. आफ्रिका व मध्य अमेरिका येथील साग तर अलीकडचा, लागवडीचा आहे.

सागाचे वैशिष्ट्य असे की त्याच्या राज्यात हवामानाची विलक्षण तफावत आहे. केरळच्या डोंगरात तो तीन-चार हजार मिलिमीटर पावसात वाढतो आणि मध्य भारताच्या कोरड्या टेकड्यांवर सात-आठशे मिलिमीटरवरही तग धरतो. आपल्या राज्यापुरते पाहिले तरी डहाणूच्या जंगलात सातपुड्यातील यावलच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. साग मात्र दोन्हीकडे आहे. मेळघाटात आहे आणि गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीला तर त्याचे जुने, उंच, सरळ वृक्ष खास जपून ठेवलेले आहेत.

ह्या लाकडाची कीर्ती जुनी आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारच्या सागाची जहाजे बांधली. त्यांतले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि आजही ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. जहाजांसाठी इतका साग तुटला की पुढे तो लावावा लागला. मलबारचा कलेक्टर कनोली ह्याने १८४० नंतरच्या दशकात निलांबूर येथे लागवड सुरू केली आणि चातू मेनन ह्यांनी ती तडीस नेली. त्यांच्यापुढे पहिली अडचण उभी राहिली ती बी उगवेना ही.

ही अडचण आजही रोपवाटिकेतील प्रत्येक मजुराला ठाऊक आहे. आपण ज्याला सागाचे बी म्हणतो ते खरे म्हणजे फळ होय. बाहेर कागदासारखा फुगा, आत नमद्यासारखे आवरण, त्याच्या आत दगडासारखी टणक आठोळी आणि तिच्यात चार कप्पे. त्यांत कधी एक बी असते, कधी दोन-तीन, कधी एकही नसते. म्हणून एका फळातून दोन रोपेही येतात आणि एखाद्या फळातून काहीच येत नाही. फळे आळीपाळीने भिजवून वाळवली तरी सर्व एकदम उगवत नाहीत. काही दहा-बारा दिवसांत डोके वर काढतात, काही दोन महिन्यांनी, तर काही थेट पुढच्या पावसाळ्यात.

प्रश्न कोठे येतो?

समजा, आपण आलापल्लीचा उंच, सरळ साग पाहिला आणि नंतर सातपुड्याच्या एखाद्या खडकाळ उतारावरील बुटका, वाकडा साग पाहिला. दोघांत फरक आहे हे लहान मुलालाही कळेल. परंतु हा फरक कशामुळे? आलापल्लीच्या झाडाला खोल माती व चांगला पाऊस मिळाला, म्हणून ते उंच झाले असेल. किंवा पिढ्यान्पिढ्या तेथे राहून त्याचा वाणच उंच झाला असेल. किंवा दोन्ही कारणे थोडीथोडी असतील. जंगलात उभे राहून ह्याचा निवाडा होत नाही. कारण तेथे वाणही वेगळा आहे आणि जागाही वेगळी आहे. दोन कारणे एकाच वेळी बदललेली असली की परिणामाचे श्रेय कोणाला द्यावयाचे हे सांगता येत नाही. तर्कशास्त्राच्या तासाला आपण हेच शिकतो.

ह्यावर उपाय एकच. दोन्ही जंगलांचे बी आणावे आणि एकाच वाफ्यात, एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवावे. जागा सारखी केल्यावरही जो फरक उरेल तो वाणाचा. उरला नाही तर आपण पाहिलेला फरक मातीपावसाचा होता असे समजावे. ही कल्पना इतकी साधी आहे की ती कोणाही शेतकऱ्याला सुचावी. पण वृक्षांवर ती पद्धतशीरपणे प्रथम वापरली गेली ती युरोपात, आणि तेथेही कारण जहाजेच होती.

पाइनच्या रोपांनी शिकवलेले धडे

अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या नौदलात दुहामेल द्यू मोंसो नावाचा अधिकारी होता. डोलकाठ्यांसाठी उत्तम पाइन बाल्टिक किनाऱ्यावरच्या रीगा बंदरातून येई. हा गुण तिकडच्या हवेचा की बियांचा, हे पाहण्यासाठी त्याने निरनिराळ्या प्रदेशांतून स्कॉट्स पाइनचे बी मिळवून आपल्या जमिनीत पेरले. पुढे व्हिल्मोरँ ह्या प्रसिद्ध बियाणे-घराण्यातील एकाने १८२० नंतर ले बार येथील आपल्या मालमत्तेवर हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आणि १८६२ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. रीगाकडील बियांची झाडे फ्रान्सच्या मातीतही सरळ वाढली होती. एकाच जातीच्या वृक्षांत, नुसत्या प्रदेशभेदाने, वंशपरंपरागत फरक असतो हे त्यातून दिसून आले. बियांच्या ह्या मूळ प्रदेशाला वनशास्त्रात 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. आपण त्याला मूळस्थान म्हणू.

रोपांच्या बाबतीत सर्वांत बोलका अभ्यास स्वीडनमध्ये झाला. ओलोफ लांगलेट ह्या संशोधकाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कामात स्कॉट्स पाइनच्या पाचशेहून अधिक मूळस्थानांची कोवळी रोपे तपासली. शरद ऋतूत त्यांच्या सुयांमध्ये कोरड्या द्रव्याचे प्रमाण किती आहे ते त्याने मोजले. हे प्रमाण रोप हिवाळ्यासाठी किती तयार झाले आहे ह्याची खूण होय. उत्तरेकडील बियांची रोपे लवकर तयार झालेली आढळली, दक्षिणेकडील उशिरा. महत्त्वाची गोष्ट अशी की हा बदल पायऱ्यापायऱ्यांनी झालेला नव्हता. उतरणीवरून चालत जावे तसा तो अक्षांशाबरोबर हळूहळू होत गेला होता. अशा उताराला पुढे १९३८ साली ज्युलियन हक्स्ली ह्याने 'क्लाइन' असे नाव दिले.

ह्याचा अर्थ असा की रोपाच्या अंगात एक पंचांग असते. दिवस किती लांब आहे ह्यावरून ते वाढ केव्हा थांबवायची हे ठरवते, आणि ते पंचांग त्याच्या मूळस्थानाचे असते. दक्षिणेचे बी फार उत्तरेला नेले तर रोप उशिरापर्यंत वाढत राहते आणि थंडीच्या कडाक्यात सापडते. उत्तरेचे बी दक्षिणेला आणले तर ते भर हंगामात वाढ आटोपती घेते. दोघांचाही तोटा होतो. बिचाऱ्या रोपाचा दोष नाही. त्याला चुकीच्या गावी आणून लावलेले असते.

सागाचे प्रयोग

आपल्याकडे कडक थंडी हा मुख्य प्रश्न नाही. आपल्याकडे प्रश्न आहे तो कोरड्या महिन्यांचा. सागाची पानगळ, नवी पालवी व फुलोरा हे सर्व पाऊस आणि कोरड ह्यांच्या चक्राशी जोडलेले आहे. तेव्हा येथेही मूळस्थानाचा काही परिणाम दिसावा असा अंदाज होता. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या पुढाकाराने १९३० च्या सुमारास देशाच्या निरनिराळ्या भागांतील सागाचे बी एकमेकांच्या प्रदेशात लावून पाहण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यानंतर १९७० नंतरच्या दशकात डेन्मार्कच्या मदतीने आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. भारत, थायलंड, लाओस, जावा आणि आफ्रिकेतील लागवडी अशा सुमारे ७५ मूळस्थानांचे बी गोळा करून ते अनेक देशांत पेरण्यात आले. त्याचा पहिला मोठा आढावा १९८६ साली प्रसिद्ध झाला.

त्यातून आढळलेल्या गोष्टी थोडक्यात अशा. भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या दमट जंगलांतील बियांची झाडे ओलसर जागी सामान्यतः जोमदार व निरोगी वाढली. भारताच्या कोरड्या अंतर्भागातील मूळस्थाने बहुतेक ठिकाणी सावकाश वाढली. जावाचा साग, जो मुळात तेथला नव्हेच, तो मात्र पुष्कळ ठिकाणी चांगला निघाला. तेव्हा 'जवळचे बी तेच उत्तम' हा नियमही सरसकट खरा नाही. सर्वांत महत्त्वाचे हे की जागा बदलली की मूळस्थानांची क्रमवारीही काही प्रमाणात बदलली. एका ठिकाणी पहिला आलेला वाण दुसऱ्या ठिकाणी मागे पडला. म्हणजे वाणाचा गुण जागेचे नाव घेतल्यावाचून सांगताच येत नाही. आरंभीच्या दोन म्हणींचे भांडण येथे निराळ्याच रीतीने मिटते.

काही फरक तर वाफ्यातच डोळ्यांना दिसतात. उत्तर कर्नाटकातील दांडेलीकडच्या जंगलात 'तेली' नावाचा सागाचा एक प्रकार आहे. नेहमीच्या सागाचे पान खरखरीत असते, ह्याचे मात्र तेल लावल्यासारखे गुळगुळीत व चकचकीत. रोपवाटिकेत सरसकट सारख्या मातीत वाढवले तरी रोपांची ही ओळख टिकते. वाण म्हणजे काय हे समजावून घेण्यासाठी ह्याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

फुलोऱ्याचा प्रश्नही असाच आहे. सागाचा फुलोरा शेंड्याला येतो. शेंडा फुलला की सरळ वाढ तेथे संपते आणि बाजूच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या निघून झाडाला दुबेळके फुटते. जे झाड लहानपणीच फुलते त्याचे सरळ खोड आखूड राहते, आणि लाकडाची किंमत तर सरळ खोडाला असते. केव्हा फुलायचे ह्यात जागेचा वाटा आहे तसा वाणाचाही आहे.

रोपांवरून पारख करताना

झाड पुरे वाढायला साठ-सत्तर वर्षे लागतात. एवढा काळ कोणता संशोधक थांबणार? म्हणून रोपांच्या लक्षणांवरून अंदाज बांधण्याचा मोह होतो. उगवण किती दिवसांत झाली, रोपाची उंची, मानेची म्हणजे जमिनीलगतच्या खोडाची जाडी, पानांची संख्या व आकार, मुळांचे वजन, पानगळीचा दिवस ही सर्व लक्षणे वर्षभरात मोजता येतात. सागाच्या बाबतीत मानेच्या जाडीला विशेष महत्त्व आहे. वर्षाचे रोप उपटून, शेंडा तीन-चार बोटे वर आणि मूळ वीतभर खाली छाटले की त्याची जडी होते. अंगठ्याएवढी जाड जडी पावसाच्या आरंभी लावली की ती चांगली धरते. पेन्सिलीसारखी बारीक जडी आमच्याकडे बाया बाजूला टाकतात.

परंतु येथे दोन ठिकाणी सावध राहावे लागते.

पहिली गोष्ट आईची. मोठ्या फळातील बीजात अन्नसाठा जास्त असतो. त्याचे रोप सुरुवातीला साहजिकच धष्टपुष्ट दिसते. हा लाभ त्याला आईच्या परिस्थितीमुळे मिळाला, त्याच्या स्वतःच्या वाणामुळे नव्हे. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, झाड उघड्यावर होते, म्हणून फळे मोठी झाली एवढेच. काही महिन्यांनी हे शिदोरीचे बळ ओसरते आणि मग रोपाचा खरा वेग दिसू लागतो. म्हणून फळांचे वजन अगोदर नोंदवून ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट काळाची. वाफ्यात पहिला आलेला पुढे रानात पहिला राहीलच असे नाही. कोरड्या प्रदेशातील अनेक वृक्षजातींची रोपे प्रथम मुळांकडे लक्ष देतात आणि वर लहान दिसतात. त्यांना एका वर्षाच्या उंचीवरून नापास करणे योग्य होणार नाही. दुष्काळाचे वर्ष येईल तेव्हा कदाचित तीच टिकतील. संशोधक म्हणूनच रोपावस्थेतील क्रम आणि दहा-वीस वर्षांनंतरचा क्रम ह्यांचा मेळ बसतो की नाही, हे प्रत्येक जातीसाठी स्वतंत्रपणे तपासून पाहतात.

एका रानातील भावंडे

आतापर्यंत आपण एका जंगलाची दुसऱ्या जंगलाशी तुलना केली. पण एकाच जंगलातील झाडे तरी एकसारखी असतात काय? सागाची फुले मुख्यतः मधमाश्या व इतर कीटकांमुळे फळतात आणि फळ धरते ते बहुतांशी दुसऱ्या झाडाच्या परागामुळे. फुले हजारोंनी येतात, परंतु फळे थोड्यांचीच होतात. त्यामुळे एका झाडाखाली गोळा केलेल्या बियांची आई एक आणि वडील मात्र अनेक. अशी सावत्र भावंडे इतरांच्या मानाने एकमेकांसारखी किती आहेत हे मोजले की ते लक्षण कितपत आनुवंशिक आहे ह्याचा हिशेब मांडता येतो.

हा हिशेब अनेक वनवृक्षांत केला गेला. पुढे प्रथिने व डी. एन. ए. तपासण्याच्या पद्धती निघाल्यावर सागातही केला गेला. भारतातील साग हा थायलंड-लाओसच्या सागाहून स्पष्टपणे वेगळा आहे असे त्यातून दिसले, आणि भारतीय सागात विविधताही अधिक आढळली. पण त्याबरोबर असेही दिसले की एकूण भिन्नतेचा मोठा हिस्सा दोन जंगलांच्या दरम्यान नसतो. तो एकाच जंगलातल्या झाडाझाडांमध्ये असतो. वनवृक्षांत हीच सर्वसाधारण रीत आहे. कोरड्या रानात उत्तम मातावृक्ष सापडतात आणि नामांकित रानातही सुमार झाडे असतात.

ह्यातून बी गोळा करण्याचा एक व्यावहारिक नियम निघतो. रस्त्याच्या कडेला सोयीच्या दोन-तीन झाडांखालचे बी पोत्यात भरले तर आपण त्या जंगलाचा फार थोडा वारसा घेतला. शेजारची झाडे बहुधा नात्यातली असतात. म्हणून किमान पंचवीस-तीस झाडे निवडावीत, त्यांत शंभरेक मीटरचे अंतर ठेवावे आणि जंगलाचे नाव, उंची, पाऊस ह्यांची चिठ्ठी पोत्यात घालावी, असा सल्ला वनबीजतज्ज्ञ देतात. चिठ्ठी हरवली की त्या बियांचे कूळगोत्रही हरवते.

शेतकऱ्याचा सौदा

ही चर्चा कोणाच्या कामाची, असे वाटू नये. साग ही आता केवळ सरकारी जंगलाची बाब राहिलेली नाही. शेतकरी बांधावर साग लावतात. माझ्या मामांनी काही वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याकडून रोपे घेतली. त्याच्या छापील कागदावर वीस वर्षांनी एका झाडाचे किती रुपये होतील ह्याचा आकडा मोठ्या अक्षरात होता. रोप उत्तम जातीचे आहे असेही लिहिले होते. बी कोठले, किती झाडांचे, ते कोणत्या पावसाच्या प्रदेशात तपासले, ह्यांपैकी एक ओळही त्यात नव्हती. आज त्या बांधावर काही झाडे सरळ आहेत आणि पुष्कळ झाडे डोक्याएवढ्या उंचीवरच दुबेळक्याची झाली आहेत.

ह्याचा दोष बियांना द्यावा काय? मघाच्या तर्काने पाहिले तर तसे म्हणता येत नाही. बांधाचा एक भाग मुरमाड आहे, दुसऱ्या भागात पाणी साचते, आणि तुलनेला दुसऱ्या मूळस्थानाचे एकही झाड तेथे नाही. मामा म्हणतात रोपे फसवी निघाली. मामी म्हणते जमीनच तसली. दोघांपैकी कोणाचे खरे हे त्या बांधावरून कधीच ठरणार नाही. एवढे मात्र खरे की ज्वारीच्या बियाण्यात फसगत झाली तर एक हंगाम जातो. सागाच्या बियाण्यात झाली तर वीस वर्षे जातात, आणि तोवर कागद देणारा माणूस कोठे असतो हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून रोपे घेताना भावाच्या अगोदर मूळस्थान विचारावे.

माणसांविषयी थोडेसे

हा अभ्यास करीत असताना एक विचार सारखा मनात येत होता, तो मांडून लेख पुरा करते.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. अमुक वस्तीच्या मुलांच्या 'रक्तातच शिक्षण नाही' हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलेले आहे. बोलणाऱ्यांत वाईट माणसे होती असे नाही. त्यांनी जे पाहिले तेच ते सांगत होते : अमुक वाडीतून कोणी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. पण हे निरीक्षण जंगलात उभे राहून केलेले आहे. एका मुलाला घरी पुस्तकांचे कपाट होते आणि दुसऱ्याला रात्री दिव्याखाली जागा मिळण्याची मारामार होती. वाफे सारखे केल्यावाचून रोपांची तुलना करणाऱ्याला वनशास्त्रात कोणी संशोधक म्हणणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण ती रोज करतो.

माणसांना वाफ्यात लावता येत नाही आणि लावूही नये. तेव्हा एखाद्या समाजाच्या बुद्धीविषयी वाणाच्या नावाने निकाल देण्याचा अधिकार ह्या शास्त्रातून कोणालाही मिळत नाही. उलट जे मोजता आले ते निराळेच सांगते. रिचर्ड लेवॉन्टिन ह्या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाने १९७२ साली रक्तातील प्रथिनांच्या आधारे जगभरातील मानवसमूहांचा हिशेब मांडला. एकूण आनुवंशिक भिन्नतेपैकी सुमारे ८५ टक्के भिन्नता एकाच समूहातील व्यक्तीव्यक्तींमध्ये आढळली. सागाच्या रानाची रीत माणसांनाही लागू आहे असे म्हणावयास हरकत नाही. आणि झाडाला जे जमत नाही ते माणसाला जमते. तो आपली जागा थोडीफार बदलू शकतो, आणि दुसऱ्याच्या वाफ्यात पाणीही घालू शकतो.

एक सूचना

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या मागील बाजूस पडीक जागा आहे. वनस्पतिशास्त्र व भूगोल ह्या दोन विभागांनी मिळून तेथे एक छोटा प्रयोग करावा. आलापल्ली, मेळघाट, यावल व डहाणू अशा चार ठिकाणचे बी वनखात्याच्या परवानगीने आणावे. प्रत्येक मातावृक्षाचे बी वेगळे ठेवून त्याचे वजन करावे. चार-पाच गादीवाफे करावेत आणि प्रत्येक वाफ्यात चारही ठिकाणांना जागा द्यावी. कोणती ओळ कोठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे एखाद्या वाफ्याची माती किंवा सावली चांगली असली तरी तिचा लाभ एकालाच मिळणार नाही. कडेच्या ओळी मोजणीतून वगळाव्यात. झारीने सर्वांना सारखे पाणी द्यावे. उगवणीचा दिवस, दर महिन्याची उंची व मानेची जाडी वहीत लिहावी.

ह्याला फार खर्च नाही. लागते ती शिस्त, आणि एक वही जी दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती नीट सोपवली जाईल. आम्ही येथून बाहेर पडू तेव्हा ही रोपे गुडघ्याएवढीही नसतील. पण तिसऱ्या-चौथ्या तुकडीच्या विद्यार्थ्यांना चार रानांच्या सागात खरोखर काही फरक आहे की नाही, हे सांगोवांगीने सांगावे लागणार नाही. ते वही उघडून दाखवतील.